रेबीज : जखम आणि लस यांच्यामधलं अंतर



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्यानं पिसाळलेल्या कुत्र्यांवर का बोलावं? शंका रास्त आहे. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते पीएच.डी.चं, त्यामुळे कुणाला काय झालंय ते तपासून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण या रोगाचा इतिहास वाचताना माझ्या विषयातला एक जुना प्रश्न सारखा समोर येतो. एखाद्या मृत्यूचं कारण कोणतं आणि त्याची जबाबदारी कुणाची, हा तो प्रश्न. या दोन गोष्टी आपण बोलताना सर्रास एकच धरतो.

रेबीजमध्ये दोन टोकं एकत्र आलेली आहेत. लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही. वाचल्याची उदाहरणं जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. उलट, चावल्यानंतर वेळेवर जखम धुतली, लस घेतली आणि गरज असेल तिथे सीरम दिलं, तर रोग जवळजवळ होतच नाही. इतका मारक आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा दुसरा रोग सापडणं कठीण. आणि या दोन टोकांमध्ये निसर्गानं आपल्याला वेळ दिलेला आहे. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चेहऱ्यावर, मानेवर चावा असेल किंवा लहान मूल असेल तर त्याहून कमी. त्या मुदतीत जखमेपर्यंत औषध पोचलं की माणूस वाचतो. म्हणून माझं म्हणणं असं की १८८५ नंतरचा रेबीजचा इतिहास हा मुख्यतः अंतराचा इतिहास आहे. जखम कुठे आणि लस कुठे, एवढंच त्यात पाहायचं.

थोडं मागून सुरुवात करू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विषाचं वर्णन येतं, त्याला तिथे अलर्कविष म्हटलेलं आहे. पिसाळणाऱ्या प्राण्यांत कुत्र्याबरोबर कोल्ह्यासारखे रानातले प्राणीही सांगितले आहेत. पाण्याच्या दर्शनानं किंवा आवाजानं रोगी घाबरू लागला, म्हणजे त्याला जलत्रास झाला, तर ते मृत्यूचं चिन्ह समजावं, असं सुश्रुताचं मत. उपाय म्हणून दंशाच्या जागेचं रक्त काढावं आणि ती तापलेल्या तुपानं डागावी. आज आपण डागत नाही, साबणानं धुतो. पण जे करायचं ते जखमेच्या जागी आणि ताबडतोब, ही त्यामागची समज चुकीची नव्हती.

त्यानंतर शेकडो वर्षं माणसाच्या हाती दोनच गोष्टी होत्या. जखम डागणं आणि कुत्री मारणं. दुसऱ्या उपायाची एक कथा आपल्या मुंबईची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारनं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आता आठ आणे म्हणजे त्या काळी चैन. त्यामुळे शिपाई घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. १८३२ मध्ये ही मोहीम जूनपर्यंत लांबवली गेली आणि ६ जूनला कोटातल्या पारशी मंडळींचा संयम संपला. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे, मृत्यूनंतरच्या विधीतही त्याचं स्थान आहे. दुकानं बंद झाली, इतर समाजांतले लोकही सामील झाले, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचं पांजरपोळ उभं केलं, त्याला या दंगलीची पार्श्वभूमी होती.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला, मग अकरा दिवसांत तो बदलला, आणि देशभर दोन तट पडले. एका बाजूला मुलांची काळजी, दुसऱ्या बाजूला प्राण्यांची दया. १८३२ चाच वाद, जणू मध्ये काही घडलंच नाही! पण १८३२ मध्ये लस नव्हती. आज आहे. मग वाद तोच कसा राहतो? याचं उत्तर लशीच्या प्रवासात शोधावं लागतं.

६ जुलै १८८५. आल्सासमधला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर आईबरोबर पॅरिसला लुई पाश्चरकडे आला. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं अनेक ठिकाणी फोडलेलं होतं. पाश्चर हा रसायनशास्त्रज्ञ, वैद्यकीची पदवी नाही, म्हणून सुई टोचली डॉक्टर ग्रांशे यांनी. दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं. मुलगा जगला. पाश्चरच्या खासगी वह्या पुढे अभ्यासकांना खुल्या झाल्या. जेराल्ड गायसन या इतिहासकारानं त्या तपासून १९९५ मध्ये दाखवून दिलं की जी पद्धत माइस्टरवर वापरली तिची कुत्र्यांवरची चाचणी जेमतेमच झालेली होती. म्हणजे धोका पत्करला होता, तोही एका मुलाच्या जिवावर. हे बरोबर की चूक, यावर नीतिशास्त्राचा एक अख्खा तास घेता येईल. आज तिकडे जात नाही.

आज मला दाखवायची आहे ती माइस्टरच्या पाठोपाठ लागलेली रांग. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यूअर्क गावच्या चार मुलांना कुत्रा चावला. लोकांनी वर्गणी काढून त्यांना बोटीनं पॅरिसला पाठवलं. मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून एकोणीस शेतकरी आले, त्यांना पिसाळलेल्या लांडग्यानं चावलं होतं. लांडग्याचा चावा सहसा चेहऱ्यावर, मानेवर आणि खोल असतो. त्यांना पोचायला सुमारे दोन आठवडे लागले. एकोणीसपैकी सोळा वाचले, तिघे गेले. आणि त्याआधी, नोव्हेंबर १८८५ मध्ये, लुईझ पेलेतिये नावाची दहा वर्षांची मुलगी पाश्चरकडे आणली गेली, चावल्यानंतर सदतिसाव्या दिवशी. यश येणार नाही हे त्याला कळत होतं. आपल्या पद्धतीची बदनामी होईल हेही कळत होतं. तरी त्यानं उपचार केले. डिसेंबरच्या सुरुवातीला ती गेली. शोध लागलेला होता, शोध लावणारा समोर उभा होता, मुलगी फक्त उशिरा पोचली होती.

लोकांनाच पॅरिसला का जावं लागायचं? लस का पाठवत नव्हते? त्याचं कारण लशीच्या घडणीत आहे. पाश्चर रोगट सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काढून बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवायचा. जितके दिवस सुकेल तितका विषाणू दुबळा. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त सुकलेला तुकडा, मग रोज थोडा ताजा. ही लस रोजच्या रोज तयार करावी लागे, साठवता येत नसे, टपालानं जात नसे. म्हणून रोगीच प्रयोगशाळेच्या दारात जाऊन राहायचा.

हिंदुस्थानात त्या काळी काय होतं? पिसाळलेली कुत्री होती, कोल्हे होते, लांडगे होते, लस नव्हती. चावा बसलेल्या गोऱ्या सोल्जरांना सरकार आपल्या खर्चानं पॅरिसला पाठवत असे. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्याला पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट १९०० मध्ये सिमल्याजवळच्या कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. दक्षिणेत निलगिरीतल्या कुन्नूरला १९०७ मध्ये दुसरी. तिच्यासाठी हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीनं लॉर्ड कर्झनकडे दिलेल्या देणगीतला पैसा वापरला गेला. मग शिलाँगला १९१७ मध्ये. जागा पाहिल्यात? कसौली, कुन्नूर, शिलाँग, तिन्ही थंड हवेची ठिकाणं. थंडीत लस बनवणं सोयीचं हे खरं, पण साहेबाला राहणंही सोयीचं. कोकणातून कसौली गाठायची म्हणजे बैलगाडी, बोट, आगगाडी, मग कालक्यापासून डोंगराची चढण, आणि तिथे दोन-तीन आठवडे मुक्काम. पेरणीच्या दिवसांत कोण जाणार? बरोबर कोण जाणार? पैसे कुठून येणार?

आपण नेहमी म्हणतो, लोक अडाणी होते, कुत्रा चावला की मांत्रिकाकडे जायचे, जखमेवर मिरची नाहीतर चुना भरायचे. होते अडाणी, मान्य. पण नकाशाही बघा. मांत्रिक शेजारच्या वाडीत होता आणि लस हजार मैलांवर. जे जवळ असतं त्याच्यावर माणूस श्रद्धा ठेवायला शिकतो. गरज नाडते तेव्हा श्रद्धेला पर्याय लागतो, आणि तो पर्याय पोचतच नव्हता.

हे अंतर तोडणारा माणूस म्हणजे कसौलीचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल. १९११ मध्ये त्यांनी विषाणूबाधित मेंदूचा अर्क कार्बोलिक ॲसिडमध्ये ठेवून विषाणू पूर्ण मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विषाणू मेलेला, त्यामुळे लस बाटलीत भरून ठेवता येई आणि दूर पाठवता येई. पुढे त्यासाठी मेंढीचा मेंदू वापरू लागले. हळूहळू जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात ही लस मिळू लागली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनत असे. रोग्यानं लशीकडे जायचं हा नियम उलटला, लस रोग्याकडे निघाली. माझ्या मते आपल्या देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे. तिला शाळेच्या पुस्तकात जागा नाही, ती गोष्ट वेगळी.

माझ्या पिढीतल्या सगळ्यांना ती लस माहीत आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं! कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, नाहीतर पोटात चौदा सुया, असं प्रत्येक आई सांगायची. चाव्याच्या गंभीरतेनुसार सात ते चौदा दिवस, रोज एक, पोटाच्या कातडीखाली, प्रत्येक वेळी दोन ते पाच मिलिलीटर. मजुरानं रोज तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं म्हणजे तितके दिवस मजुरी बुडाली. पाच-सहा सुयांनंतर सोडून देणारे पुष्कळ.

आणखी एक किंमत होती. मेंदूपासून बनलेल्या लशीत मेंदूचे घटक राहतात. काही जणांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया उठायची आणि ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटायची. काही शेकड्यांत किंवा काही हजारांत एखाद्याला अर्धांग व्हायचं, काही दगावायचे. आता कल्पना करा, डॉक्टरांसमोर केवढा पेच. कुत्रा पिसाळलेला असेल आणि लस दिली नाही तर मृत्यू. पिसाळलेला नसेल आणि लस दिली तर निष्कारण धोका. म्हणून दहा दिवस कुत्रा डोळ्यांसमोर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजायचं आणि उपचार थांबवायचे. शेजाऱ्याचा पाळलेला कुत्रा बांधून ठेवता येतो. पण गल्लीत चावून पळालेला कुत्रा? उसाच्या फडातून आलेला कोल्हा, मुंगूस? तो पुन्हा दिसतच नाही. अनोळखी प्राणी चावला की ज्ञान मिळवण्याचा मार्गच बंद होतो, आणि मग तो पिसाळलेला होता असंच धरून चालावं लागतं. भटक्या आणि रानटी प्राण्यांच्या चाव्याचा खरा धोका इथे आहे.

त्यात लांडग्याचा चावा सर्वांत वाईट, आणि त्यानंच पुढचा धडा शिकवला. १९५४ मध्ये इराणमधल्या साहने गावात एका पिसाळलेल्या लांडग्यानं रात्रीत एकोणतीस जणांना चावलं. डोक्याला जखमा झालेले अठरा होते. त्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तिघे मेले. तेरा जणांना लशीबरोबर सीरम दिलं, म्हणजे आयती तयार प्रतिपिंडं. त्यातला एकच गेला. लशीला शरीरात काम सुरू करायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तेवढा वेळ सीरम खिंड लढवतं. तेव्हापासून खोल जखमेत लस आणि सीरम दोन्ही हवंत, हे ठरून गेलं.

आता आपल्या काळाकडे येऊ. पेशींवर वाढवलेल्या विषाणूची नवी लस १९७० च्या दशकात आली. मेंदूचा संबंध नाही, अर्धांगाची भीती जवळजवळ नाही, दंडात पाच सुया. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं मेंदूची लस शक्य तिथे कमी करत बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. भारतात ही लस बनणं बंद झालं डिसेंबर २००४ मध्ये. मधली वीस वर्षं आपल्याकडे एकाच रोगाच्या दोन लशी होत्या. औषधाच्या दुकानातून विकत आणू शकणाऱ्यासाठी दंडातली, सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्यासाठी पोटातली. कुत्रा दोघांना सारखाच चावत होता. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. नवी लस महाग होती, जुनी स्वस्त होती, आणि जुनी बंद करून नवी पुरवता आली नसती तर लोक मेलेच असते. युक्तिवाद खोटा नाही. पण त्या युक्तिवादातला धोका नेहमी एकाच वर्गानं उचलला, ही नोंद इतिहासानं ठेवायला हवी.

किमतीचा पेच एका साध्या युक्तीनं बराच सुटला. स्नायूत देण्याऐवजी कातडीतच अगदी थोडी, ०.१ मिलिलीटर, दोन ठिकाणी टोचली तरी प्रतिकारशक्ती तितकीच येते, हे थायलंडमधल्या डॉक्टरांनी दाखवलं. भारतात त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. एका रोग्याच्या लशीत अनेकांचं भागू लागलं. पण यातही एक मेख आहे. फोडलेली कुपी सहा ते आठ तासांत वापरून टाकावी लागते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रोज पन्नास रोगी, तिथे थेंबही वाया जात नाही. आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसाला एक येतो, तिथे उरलेली लस फेकावी लागते. म्हणजे स्वस्ताई गर्दीच्या ठिकाणी पोचते आणि एकट्या रोग्यापाशी अडखळते.

अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं पंधरा राज्यांतल्या साठ जिल्ह्यांत पाहणी केली. तिच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसं रेबीजनं मरतात. वीस वर्षांपूर्वीचा अंदाज वीस हजारांचा होता. म्हणजे प्रगती झाली, आणि ती मुख्यतः लस जवळ आल्यामुळे झाली, असं मला दिसतं. पण चावलेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण अजूनही एकही सुई घेत नाही. सरकारी केंद्रांपैकी सुमारे ८० टक्के ठिकाणी लस होती, सीरम मात्र सुमारे २० टक्के ठिकाणीच. साहनेच्या लांडग्यानं शिकवलेला धडा सत्तर वर्षांत पाचांतल्या एका दवाखान्यापर्यंत पोचला आहे! पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड, ज्याला घोड्याचं किंवा माणसाचं रक्त लागत नाही, ते काही वर्षांपूर्वी बाजारात आणलं. तंत्र आपल्या जिल्ह्यात, रोगी आपल्याच राज्यात, तरी मधला रस्ता पुरा झालेला नाही.

आता कुत्र्यांच्या वादाकडे परत येतो. आपल्याकडचे बहुतेक सगळे रेबीज मृत्यू कुत्र्याच्या चाव्यानंच होतात, यात शंका नाही. पण नुसती कुत्री मारून रोग हटत नाही. एका भागातली मारली की शेजारची, न टोचलेली कुत्री तिथे येतात. साधारण ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यानं हे करून दाखवलं. २०१४ पासून घरोघर, रस्तोरस्ती जाळी घेऊन फिरत वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली, शाळांत मुलांना शिकवलं, चाव्यांची नोंद ठेवली. कुत्र्यांमधला रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तिथे रेबीजनं माणूस दगावल्याची नोंद नाही. तिथे कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि त्यांना भिणारे, दोघांचंही भलं एकाच सुईनं झालं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मृत्यूचं कारण कुत्रा आहे, विषाणू आहे. १८८५ पूर्वी एवढं म्हणून थांबता येत होतं. जे टाळता येत नाही त्याची जबाबदारी कुणावर टाकणार? पण टाळण्याचं साधन हातात आलं की कारण आणि जबाबदारी यांची फारकत होते. मग विचारावं लागतं, केंद्रातला फ्रीज चालू होता का, त्यात सीरम होतं का, तिसऱ्या सुईच्या दिवशी एस.टी. होती का, आणि चौथीला मजुरी बुडवून ती बाई का आली नाही. हे प्रश्न कुत्र्याला विचारता येत नाहीत. ते ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, विधानसभेत विचारायचे आहेत, आणि आपण ते विचारत नाही. कुत्रा मारावा की पोसावा यावर मात्र भांडतो, कारण कुत्रा दिसतो आणि रिकामा फ्रीज दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट, तिला ना सरकार लागतं ना पैसा. कुठलाही प्राणी चावला, ओरखडला, जखमेला चाटला, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. मिरची नको, चुना नको, हळद नको. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा, सीरम लागेल का ते स्वतः विचारा, आणि सुया सांगितल्या तितक्या पूर्ण करा. घरात कामाला येणाऱ्या बाईंना, शेतावरच्या गड्याला, वॉचमनला हे सांगा. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर आजच्या व्याख्यानाचं चीज झालं, असं मी समजेन.